बाहेरचं जायफळ

थंडी पडली की नाशिकची माणसं कपाटातून स्वेटर काढतात. मी राग काढतो. स्वेटरला कसर लागते, रागाला लागत नाही. वर्षभर घडी घालून ठेवा, डिसेंबरात एकदा झटकला की नवाकोरा. यंदाही निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर घसरला, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर माकडटोप्यांची वर्दळ सुरू झाली, आणि माझ्या डोक्यात ती जुनी कॉफी पुन्हा उकळायला लागली.

तशी ती उकळलेली नव्हतीच. भांडण तिथूनच आहे. ती कोमट होती.

कोमट कॉफी देणं हा गुन्हा आहे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. ओळखीच्या वकिलाला मी विचारून बघितलं आहे. तो हसला. त्यानंतर मी त्याच्याकडे कुठलंही काम दिलेलं नाही.

परवा ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सिन्नरला असते. सगळा जन्म पहिलीच्या पोरांना ग म भ न गिरवायला लावण्यात गेला, आता निवृत्त झाली आहे. माणूस इतकं मऊ, की डास चावला तर आधी त्याची विचारपूस करेल. आमच्या कन्येनं फर्मान काढलं, की आत्याला घेऊन त्या नवीन कॅफेत जा, सगळे जातात. गेलो.

आत शिरलो तर भिंतींना गिलावा नाही. विटा उघड्या. मला वाटलं काम चालू आहे, उद्या यावं. ताई म्हणाली, "अरे, हे असंच असतं आता." छतातून बिनशेडचे दिवे लोंबत होते, थेट डोक्यावर आपटतील इतके खाली. काउंटरवर काळा एप्रन घातलेली एक मुलगी होती. कॉफी मागितली, तर मला विचारते, "सर, तुम्हाला कुठल्या नोट्स आवडतात? आमच्याकडे संत्र्याच्या आहेत, डार्क चॉकलेटच्या आहेत, ओल्या लाकडाच्या आहेत."

"ओलं लाकूड आम्ही चुलीतसुद्धा घालत नाही," मी म्हणालो. "धूर होतो."

ती हसली नाही. अशा ठिकाणी हसायची परवानगी नसावी. कॉफी आली ती कान नसलेल्या वाडग्यात. खाली बशी नाही. बरोबर मागवलेला केक आला तो चक्क दगडी पाटीवर. पाटी! लाकडी चौकट काढलेली शाळेची पाटी, काळीभोर, खरबरीत, आणि तिच्यावर केकचा एक तुकडा, उठाबशा काढून दमलेल्या पोरासारखा कडेला पडलेला. ताईनं पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगली आहे रे. पेन्सिल उठेल हिच्यावर."

मी वाडगा तोंडाला लावला. कोमट. बाहेर अशी थंडी, की सकाळी नळातून पाण्याऐवजी गारेगार येत होतं, आणि आत कॉफी कोमट. "जरा गरम करून द्या," म्हटलं. तर म्हणाली, "सर, जास्त गरम केली तर फ्लेवर मरतो."

आणि मग तिच्या मागच्या फळ्याकडे माझं लक्ष गेलं. त्या फळ्यावर खडूनं काय लिहिलं होतं ते सांगतो. पण आत्ता सांगितलं तर मी का भडकलो ते तुम्हाला कळणार नाही, आणि नुसतंच "काकांचं बीपी वाढलंय" असं म्हणाल. त्यासाठी आधी शकूआत्या भेटली पाहिजे.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहायला आमच्याकडेच. नोकरी टेलिफोन खात्यात, ऑपरेटर म्हणून. ट्रंक कॉलच्या जमान्यात ओरडून ओरडून तिचा आवाज असा कमावला गेला होता, की ती नाशकातल्या द्वारकेच्या चौकात रिक्षावाल्याशी बोलली की शहराच्या दुसऱ्या टोकाला अंबडच्या कारखान्यांत माणसं जेवणाची सुट्टी झाली समजून डबे उघडत. आणि कान त्याहून तिखट. तीन खोल्या पलीकडे कुणी बरणीला हात लावला तरी तिला आवाजावरून कळे, की लाडू आहेत की चकल्या.

आता लोक मला सांगतात, की कॉफीचा माज हल्ली आला, कॅफे आल्यावर आला. काय सांगता! कॉफीचा माज बघायचा तर आमच्या आत्याचा बघायला हवा होता. चहा हे तिच्या मते पेय नव्हतंच, ती एक सवय होती, तपकिरीसारखी. चहा दूधवाल्याला, चहा मीटर बघायला येणाऱ्याला, चहा आम्हाला. कॉफी पाहुण्याला, आजाऱ्याला, आणि परीक्षेला बसणाऱ्याला. म्हशीचं दूध मंद आचेवर, साय मोडू न देता. कॉफी वेगळी उकळून फडक्यातून गाळायची. साखर, वेलची. आणि शेवटी जायफळ. ते डब्यातलं पूड केलेलं नव्हे. अख्खं जायफळ सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत उगाळायचं, आणि ते गंध बोटानं निपटून कॉफीत सोडायचं. घरभर असा वास सुटे, की शेजारच्या घरांतली भांडणं मध्येच थांबत.

आख्ख्या नाशिकची तिनं कॉफीवरून वर्गवारी केली होती. "त्यांच्याकडे कॉफीत जायफळ नसतं," असं ती म्हणायची ना, तो सूर असा असायचा, की त्यांच्याकडे कुणीतरी तुरुंगात आहे. लग्नाकार्यांत तेव्हा नव्यानं ते वाफेचं मशीन यायला लागलं होतं, फुस्स फुस्स करत फेस काढणारं, वरून चॉकलेटची भुकटी शिंपडलेली. पोरं त्याच्यापुढे रांग लावायची. आत्यानं एकदा घोट घेतला आणि नवऱ्यामुलाच्या आईला, स्टेजवर जाऊन, आहेराच्या पाकिटाबरोबर ऐकवलं, "सोहळा छान झाला हो. फक्त तो साबण कुणीतरी कॉफीत विसरलंय, तेवढं बघा."

कुणाच्या घरची कॉफी कशी निघेल याचा भरवसा नाही, म्हणून पर्समध्ये कायम एक जायफळ. सहाण कुठे न्यायची? तर तिची एक युक्ती होती. कपाखालची बशी उचलायची, कोरडी पुसायची, उलटी करायची. चिनी मातीच्या बशीच्या बुडाला एक गोल कडा असते, बिनचकाकीची, खरखरीत. तिच्यावर जायफळ घासायचं. खर्र, खर्र. जी भुकटी पडेल ती कॉफीत. यजमान बघत राहायचे. कुणाची बोलायची टाप नव्हती.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. या शास्त्रात एक भोक होतं. परीक्षेच्या दिवसांत पहाटे अभ्यासाला उठवून आत्या आम्हाला जागं राहण्यासाठी कॉफी द्यायची, आणि मायेनं जायफळ दुप्पट घालायची. आता कॉफी माणसाला जागं ठेवते आणि जायफळ झोपवतं. दोघांची आमच्या पोटात कुस्ती व्हायची आणि जायफळ दरवर्षी चीतपट करून जिंकायचं. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतली एक पिढीच्या पिढी ड्रॉइंग बोर्डावर गाल टेकून झोपली. मी इंजिनिअर न होता डिप्लोमावर अंबडला चिकटलो, त्याचं मूळ या जायफळात आहे. आत्याला तसं सांगितलं तर म्हणाली, "झोप चांगली लागली ना? मग! डोकं शांत ठेवून नापास झालास, तेवढं तरी."

तर अशी ती आत्या, आणि अशी ती कॉफी. आता ती थंडी.

शतक उलटून एक-दोन वर्षं झाली होती. कॉलेज रोडला काचेचा पहिला मोठा कॅफे उघडला, आणि नाशिकला अचानक आपण मागासलेले असल्याचा शोध लागला. तोवर आम्ही मिसळ खाऊन सुखी होतो. आता पोरं त्या काचेआड लाल सोफ्यांवर बसून बाहेरच्यांकडे बघायची, आणि बाहेरचे आतल्यांकडे. मधल्या काचेवर दोन्हीकडून वाफ.

आमच्या घरात त्या थंडीत एकच विषय होता. ताईचं लग्न. ताईनं तिशी ओलांडली होती, आणि तिशी हा आकडा आमच्या घरात कुजबुजून बोलायचा, एखाद्या दुखण्यासारखा. बघायला किती येऊन गेले ते मोजायचं आईनं सोडून दिलं होतं. येत, पोहे खात, आत्याची कॉफी पीत, "कळवतो" म्हणत, आणि जात. कॉफी मात्र दुसऱ्यांदा मागून घेत, चोर! ताई दर वेळी तीच निळी साडी नेसायची आणि दर वेळी संध्याकाळी ती साडी स्वतःच इस्त्री करून ठेवायची. 

मग मंदारचं स्थळ आलं. पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, दोन-तीन वर्षं परदेशात काढून आलेला. आणि गंमत अशी, की यानं पत्रिकेऐवजी फोन नंबर मागितला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी फोन होता. रोज संध्याकाळी वाजायचा. ताई उभ्यानं बोलायची, वायर बोटाला गुंडाळत, आणि हसायची. आमची ताई, फोनवर, हसायची! आम्ही सगळे ते ऐकू येऊ नये म्हणून टीव्ही मोठा करायचो आणि मग तिला ऐकू येईना म्हणून बारीक करायचो. आत्या तर त्या वेळेत स्वयंपाकघरात जाऊन बसायची, कारण तिला फोनच्या पलीकडचंसुद्धा ऐकू यायचं.

"मुलगा चांगला आहे," ती मला हळूच म्हणाली. म्हणजे तिच्या हिशेबानं हळूच. समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी गॅलरीतून "अरे वा!" म्हटलं.

हे जमावं, एवढंच आम्हाला त्या थंडीत हवं होतं. आणि पहिल्यांदाच ताईलाही हवं होतं.

भेटायची वेळ आली तेव्हा मंदार म्हणाला, घरी नको. तो पोह्यांचा कार्यक्रम अवघडल्यासारखा होतो. कॉलेज रोडच्या कॅफेत भेटू. वडिलांनी पेपर खाली ठेवला. "हॉटेलात मुलगी दाखवायची?"

"दाखवायची काय, ती काय साडी आहे?" आत्या म्हणाली. "दोघं भेटतील. बरोबर मी जाते आणि हा येईल. हा कोपऱ्यात बसेल, मी तोंड मिटून बसेन."

आत्या तोंड मिटून बसणार, हे ऐकून वडिलांनी पेपर पुन्हा उचलला आणि उलटा धरला.

रविवारची दुपार होती, ऊन होतं आणि तरी थंडी. ताईनं निळी साडी नेसली नाही. पंजाबी ड्रेस घातला, वर आत्याची शाल. मंदार आधीच येऊन थांबला होता. उंच, नीटस, बोलायला गोड. आत्याच्या पाया पडला. मी मनात त्याला दहापैकी नऊ दिले. दहावा राखून ठेवला, ते बरंच झालं.

"इथे कॉफी बरी मिळते," तो बसता बसता म्हणाला. "नाशिकच्या मानानं."

नाशिकच्या मानानं! हे दोन शब्द मी आजही झोपेत चावतो. अरे, नाशिकचं मान काय तुझ्या पट्टीनं मोजायचं? पण मी मेनूकार्डात डोकं घातलं. आत्यानं पर्स घट्ट धरली. ताई हसली, कारण तिला हे जमायला हवं होतं.

ऑर्डर घेणारा आला. आत्या म्हणाली, "चार कॉफी. दूध जरा आटू द्या."

तो मंदारकडे बघायला लागला. मंदारनं आमच्यासाठी इंग्रजीत काहीतरी मागवलं आणि स्वतःसाठी एक वेगळंच. आमचे आले ते मोठाले कप, वर फेसाचे डोंगर, डोंगरावर चॉकलेटच्या रेघा. त्याचा आला तो बाहुलीच्या खेळातला. तळाला चमचाभर काळं. त्यानं तो नाकाशी नेला, डोळे मिटले, श्वास घेतला. सर्दी झालेला माणूस कापूर हुंगतो तसा.

"ही खरी कॉफी," तो म्हणाला. "आपल्याकडे लोक दूध आणि साखर घालून मारून टाकतात तिला. वर वेलची काय, जायफळ काय! ती बासुंदी झाली. कॉफीची चव कुणी घेतच नाही."

मी आत्याकडे बघितलं. तिनं खरोखर तोंड मिटलं होतं. ओठ असे आवळलेले, की आत पंचवीस वर्षांचे ट्रंक कॉल अडकले असावेत.

मी घोट घेतला. काय सांगू! द्वारकेच्या चौकात उभ्या ट्रकच्या सायलेन्सरखाली दुधाचं पातेलं ठेवावं, आणि ड्रायव्हरनं तासभर इंजिन चालू ठेवावं, तशी ती चव. जळकी, कडू, आणि एवढा वेळ जाळूनही कोमट! फेस बाजूला सारता सारता कॉफी सापडेना, सापडली तेव्हा सापडली नसती तर बरं झालं असतं.

"कशी आहे?" मंदारनं ताईला विचारलं.

"छान आहे," ताई म्हणाली.

खोटं. सपशेल खोटं. आयुष्यात खोटं न बोललेली बाई, वर्गातली पोरं जिच्या शब्दावर बाराखडी खरी मानायची, ती एका कोमट फेसाला छान म्हणाली.

"आणि तुम्हाला?" त्यानं मला विचारलं.

"वा," मी म्हणालो. मीसुद्धा! मी, जो कॅन्टीनच्या भजीवरून युनियनची मीटिंग लावायचा! आजूबाजूला बघितलं. आख्खा कॅफे तेच करत होता. माणसं घोट घ्यायची, क्षणभर चेहरा कारल्यासारखा व्हायचा, मग तो सरळ करून समोरच्याला म्हणायची, मस्त आहे ना? एकाचीही हिंमत होत नव्हती. मला राग येतो तो याचा. वाईट कॉफी मी समजू शकतो, माणसाच्या हातून होते. पण वाईट कॉफी पिऊन वर आपलीच जीभ अडाणी आहे असं मानायला लावायचं, आणि लोकांनी ते मानायचं, हा कुठला धंदा?

दोघं बोलत होती. त्याचं ऑफिस, तिची शाळा. एक पोरगा 'क' उलटा काढतो, असं ताई सांगत होती आणि मंदार खरोखर मन लावून ऐकत होता. जमत होतं हो. डोळ्यांसमोर जमत होतं. आत्यानं दोन घोट घेतले, कप खाली ठेवला, तिसरा घ्यायला उचलला, आणि तिला तो घेववेना. वय झालेलं, थंडीचे दिवस, पोटात गरम काही नाही. तिचा हात पर्सकडे गेला. शपथेवर सांगतो, भांडायला नाही गेला. चष्मा कपाळावर ठेवून माणूस चष्मा शोधतो ना, तसा सवयीनं गेला.

जायफळ बाहेर आलं. बशी उचलली गेली, पदराच्या टोकानं पुसली गेली, उलटी झाली.

खर्र. खर्र.

तो आवाज त्या कॅफेत असा घुमला, की सोफ्यांवरची पोरं माना वळवून बघायला लागली. गाणं वाजत होतं ते कुणीतरी बारीक केलं. टाय लावलेला मॅनेजर लगबगीनं आला.

"मॅडम, आउटसाइड फूड अलाउड नाही."

"काय नाही?"

"बाहेरचे खाद्यपदार्थ, मॅडम. चालत नाहीत."

"अहो, खाद्यपदार्थ कसला? जायफळ आहे हे. हे खाल्लंत तर उद्या दुपारी उठाल."

मागच्या सोफ्यावर खसखस पिकली. मंदारचे कान लाल झाले. तो पुढे झुकला आणि ताईला हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही सांगा ना त्यांना. सगळे बघताहेत. म्हणजे, माझं काही नाही, पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते."

हळू आवाजात म्हणाला. टेलिफोन ऑपरेटरच्या समोर.

आत्याचा हात थांबला. जिनं स्टेजवर जाऊन वरमाईला साबण ऐकवला होता, ती आमची आत्या त्या टेबलापाशी इतकीशी झाली. घाईघाईनं बशी सरळ करायला लागली, तर भुकटी तिच्या मांडीवर सांडली. ती झटकत म्हणाली, "चुकलं हं बाळा. सवय हो म्हातारीची. राग मानू नकोस."

मला आठवतंय, त्या क्षणी मला तो कॅफे काचेसकट उचलून गोदावरीत बुडवावासा वाटला. मंदारला नव्हे. मंदार बिचारा वाईट नव्हता, त्याला फक्त लाज वाटली. पण आत्यानं माफी मागावी? आणि कशाबद्दल? वाईट कॉफी पिववत नाही याबद्दल?

ताईनं आत्याकडे बघितलं. मग मंदारकडे. मग स्वतःच्या कपाकडे, ज्याला तिनं मघाशी छान म्हटलं होतं. फार वेळ नाही लागला तिला. तिनं तो कप टेबलावरून सरकवत आत्यापुढे नेला.

"आत्या, माझ्यातपण घाल."

"अगं..."

"घाल. पिववत नाहीये गं."

आत्यानं बशी पुन्हा उलटी केली. मॅनेजर उभा होता, मंदार बसला होता, आणि आख्ख्या कॉलेज रोडला ऐकू जाईल असा जायफळाचा आवाज येत होता. ताईनं तो कप तळापर्यंत प्यायला. मंदारनंही आपलं काळं संपवलं. आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आला, नीट निरोप घेतला. त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला, घरचं वातावरण जरा वेगळं वाटलं.

रिक्षात आत्या रडली. "माझ्यामुळे मोडलं," म्हणाली.

"कॉफीच वाईट होती गं," ताई म्हणाली, आणि शालीचं टोक दोघींच्या पायांवर ओढून घेतलं.

ताईनं महिनाभर संध्याकाळी त्या फोनकडे पाठ करून वह्या तपासल्या. ते मी बघितलं आहे. तिला काहीच वाटलं नाही असं मी सांगणार नाही, मी कितीही थापा मारत असलो तरी. पण मला त्याहून लागलं ते दुसरंच. त्या दिवसापासून आत्यानं कॉफीत जायफळ घालणं बंद केलं. कुणी आलं की नुसती कॉफी, दूध, साखर. "कुणाला आवडतं, कुणाला नाही," म्हणायची. सहाण ओट्याखाली गेली. त्या थंडीत आमच्या घराला वासच नव्हता. शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, "शकूताई आजारी आहेत का?"

मग भोगी झाली, तिळाच्या वड्या झाल्या. संक्रांतीच्या सकाळी ताईनं ओट्याखाली हात घालून सहाण काढली, धुतली, आणि स्वतः जायफळ उगाळून आत्यापुढे कप ठेवला. आत्यानं आधी वास घेतला, मग घोट घेतला.

"जास्त झालंय," म्हणाली.

आम्हाला कळलं, आत्या परत आली. दुपारी सगळं घर गाढ झोपलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

ताईचं लग्न पुढे झालं. सिन्नरचे भाऊजी, शेतकी खात्यातले. पहिल्याच भेटीत आत्याची जायफळाची कॉफी पुढे आली, तर हात जोडून म्हणाले, "माफ करा, मला कॉफी सोसत नाही, मळमळतं. चहा मिळेल का?" आम्ही श्वास रोखून आत्याकडे बघत होतो. आत्यानं कप उचलून आत नेला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता जाहीर केलं, "निदान खोटं तरी बोलत नाही." आता आत्या नाही. भाऊजी अजून चहाच पितात.

तर आता त्या फळ्याकडे या.

फळ्यावर, काउंटरमागे, रंगीत खडूनं, वेलबुट्टी काढून लिहिलं होतं: जायफळ लाटे. खाली बारीक अक्षरांत: आजीच्या हातची चव. आणि वर एक तारा, कारण ती त्यांची खासियत होती.

माझं काय झालं असेल कल्पना करा. मी उठलोच. "कुणाची आजी?" मी त्या एप्रनवाल्या मुलीला विचारलं. "ती आजी नव्हती, ती माझी आत्या होती! आणि तिला तुम्ही लोकांनी... म्हणजे तुम्ही नाही, तुमच्यासारख्यांनी..." दिवे हलायला लागले. कोपऱ्यातला एक जण लॅपटॉप मिटून दाराकडे सरकला.

"अरे, बस खाली," ताई म्हणाली. "मागवू या ना. बघू तरी."

मागवली. आली. तशीच कोमट. वर तपकिरी भुकटी भुरभुरलेली, कधीकाळी डबा भरून ठेवलेली, रंधा मारल्यावर पडतो तो भुसा. वास शून्य. जायफळ त्याच्या शेजारून नुसतं गेलं असावं. ज्या वासासाठी आमच्या आत्याची मान खाली गेली, तो वास चोरायचा, आणि चोरायचा तर निदान नीट तरी चोरायचा! मी बशी उलटी करायला हात घातला. बशीच नाही. बशीसुद्धा नाही! ह्यांनी बशीच रद्द करून टाकली आहे. मी टेबलावर मूठ आपटली.

ताईनं एक घोट घेतला. वाडगा खाली ठेवला. मग शांतपणे केकचा तुकडा उचलून कागदी रुमालावर ठेवला, पाटीवरचा चुरा झटकला, पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून दोन थेंब पाटीवर टाकले, आणि पर्स उघडली. आत जायफळ होतं. आत्याचं नव्हे, ते कधीच उगाळून संपलं. हे सिन्नरच्या बाजारातलं.

ती त्या पाटीवर जायफळ उगाळायला लागली. सहाणेवर उगाळतात तसं, गोल गोल, सावकाश. ओल्या काळ्या दगडावर तांबूस गंध उमटलं, आणि त्या बिनगिलाव्याच्या विटांच्या खोलीत आमच्या स्वयंपाकघराचा वास उभा राहिला.

एप्रनवाली मुलगी आली. "मॅडम, सॉरी, पण आउटसाइड फूड..."

ताईनं मान वर केली. आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला गप्प करणारा तो आवाज, मोठा मुळीच नाही.

"बाळ, तुमच्या फळ्यावर काय लिहिलंय? मोठ्यानं वाच बघू."

ती मुलगी नकळत वळली आणि वाचायला लागली. "जायफळ लाटे. आजीच्या हातची..."

"शाबास. मग हे बाहेरचं कसं?"

मुलीनं ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. ताईनं बोटानं गंध निपटलं आणि आपल्या वाडग्यात सोडलं. पाटीवर अजून थोडं उरलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी माझा वाडगा पुढे सरकवला. 

"ताई, माझ्यातपण घाल."